पावसातल्या फिल्डवर्कसाठी कॅमेरा निवडताना : आधी प्रश्न, मग मॉडेल

जून जवळ आला की आमच्या डिपार्टमेंटमधल्या एमएस्सीच्या आणि नव्याने पीएचडीला लागलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, फिल्डसाठी कुठला कॅमेरा घेऊ? पाण्यात चालेल, खिशात मावेल आणि व्हिडिओही चांगला येईल असा सांगा." प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचं एका मॉडेलच्या नावात उत्तर दिलं तर ते बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी हे एवढं महत्त्वाचं का आहे ते बघू. सह्याद्रीत पावसाळी बेडूक, खेकडे, ओढ्यातले मासे किंवा सड्यावरच्या वनस्पती यांच्यावर काम करणाऱ्याला वर्षात एकच हंगाम मिळतो. पाच वर्षांची फेलोशिप म्हणजे पाच पावसाळे. पहिला पावसाळा विषय आणि जागा समजून घेण्यात जातो, शेवटचा थिसिस लिहिण्यात. उरले तीन. त्यातल्या एका हंगामात कॅमेरा बंद पडला तर एक तृतीयांश डेटा गेला. आणि कॅमेरा बंद न पडता, सगळं शूट होऊनही त्यातून काहीच मोजता आलं नाही, तरी नुकसान तेवढंच. फक्त ते आपल्याला सहा महिन्यांनी कळतं.

दुसरी गोष्ट पैशांची. सीएसआयआरची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि कंटिन्जन्सी वर्षाला २०,०००. ओएम सिस्टीमचा टीजी-७ हा प्रसिद्ध रग्ड कॅमेरा २०२३ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ५५० डॉलर होती, म्हणजे आपल्या वर्षभराच्या कंटिन्जन्सीच्या दुपटीहून जास्त. असा खर्च पाच वर्षांत एकदाच होतो. तो विचार करूनच व्हायला हवा.

वहीत लिहायच्या चार ओळी

दुकानात किंवा वेबसाइटवर जाण्याआधी वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. मला दिसायला हवी असलेली सगळ्यात लहान गोष्ट किती मोठी आहे? (बेडकाचं अंडं की आख्खा बेडूक?)

२. मला मोजायची असलेली सगळ्यात जलद हालचाल किती जलद आहे?

३. कॅमेरा किती भिजणार आहे? पावसाचे शिंतोडे, ओढ्यात बुडवणं की समुद्र?

४. मी प्राण्याच्या किती जवळ जाऊ शकते?

या चार ओळी लिहिल्या की निम्मे कॅमेरे आपोआप यादीतून गळतात. आता एकेक मुद्दा घेऊ.

"वॉटरप्रूफ" म्हणजे नक्की काय?

पाणी आणि धूळ यांपासून संरक्षणाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०५२९. त्यातूनच आयपी ६७, आयपी ६८ हे आकडे येतात. पहिला अंक धुळीचा; ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा अंक पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कडक अटी, पण त्या अटी कोणत्या हे कंपनी ठरवते. त्यामुळे दोन आयपी ६८ फोन एकसारखे असतीलच असं नाही. एकाची खोली दीड मीटर असू शकते, दुसऱ्याची सहा. बॉक्सवरचा अंक बघून थांबू नका, त्याखालची बारीक अक्षरं वाचा.

अजून एक बारकावा. बुडवण्याची चाचणी आणि जोराच्या धारेची चाचणी या वेगवेगळ्या आहेत. एक पास केली म्हणजे दुसरी पास होतेच असं नाही. शिवाय या चाचण्या साध्या, स्वच्छ पाण्यात होतात. समुद्राचं पाणी, साबण, चिखल हे त्यात येत नाही.

मग धबधब्याखाली काय होईल? इथे बारावीचं फिजिक्स कामाला येतं. दहा मीटर उंचीवरून पडणारं पाणी हवेचा विरोध सोडला तर सेकंदाला १४ मीटर वेगाने खाली येतं. त्याचा दाब होतो साधारण ९८ किलोपास्कल, म्हणजे बरोबर दहा मीटर खोल पाण्याइतका. (बर्नुली आठवा : जेवढी उंची, तेवढीच खोली.) म्हणजे १५ मीटर खोलीला चालणारा कॅमेरा आठ-दहा मीटरच्या धबधब्यात कागदावर तरी टिकतो. दीड मीटरवाला फोन टिकेल याची खात्री नाही.

"कागदावर" असं म्हटलं, कारण हे सगळं नव्या, स्वच्छ रबरी पट्टीच्या भरवशावर आहे. रग्ड कॅमेऱ्याची लेन्स बाहेर येत नाही, झूम आतल्या आत होतो. म्हणूनच तो बंदिस्त करता येतो. कमकुवत जागा म्हणजे उघडणारी झाकणं, विशेषतः बॅटरी आणि कार्डाचं झाकण. त्या रबरी पट्टीवर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी वाट काढतं. झाकण लावण्याआधी पट्टी बोटाने आणि डोळ्याने तपासणं ही सवयच लावून घ्या. ही पट्टी म्हातारीही होते. अशा कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्येच ती ठरावीक काळाने बदलून घ्यायला सांगितलेलं असतं. कॅमेरा कातळावर पडला तर चालू राहतो, पण त्यानंतर तो जलरोधक राहिला आहे हे गृहीत धरू नका. आधी रिकाम्या बादलीत पाणी घेऊन बुडबुडे येतात का बघा.

म्हणूनच पाण्याखालच्या कामासाठी सेकंड हँड रग्ड कॅमेरा घेऊ नये असं माझं मत आहे. लेन्स चांगली आहे की नाही हे दिसतं, पण पट्टीचा इतिहास कुणालाच दिसत नाही. निकॉनचा डब्ल्यू ३०० (३० मीटर), पॅनासॉनिकचा एफटी ७ (३१ मीटर), फुजीचा एक्सपी १४० (२५ मीटर) ही नावं जुन्या लेखांत सारखी भेटतात. खोलीचे आकडेही मोहात पाडणारे आहेत. पण आता ते सहसा जुन्या मालातच सापडतात. सुटे भाग आणि दुरुस्ती कुठे मिळेल हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाहेरून कोरडा, आतून धूसर

बाहेरचं पाणी आत न शिरताही कॅमेरा पावसात निकामी होऊ शकतो. लेन्सच्या आतल्या बाजूला वाफ जमते आणि सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे येतात. कारण साधं आहे. हवेचं तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंश येतो. कोकणात जूनमध्ये ही हवा नेहमीची. अशा हवेत तुम्ही बॅटरी बदलायला झाकण उघडलंत, म्हणजे तीच दमट हवा आत कोंडलीत. मग कॅमेरा २२ अंशांच्या ओढ्यात घातला. पुढची काच दवबिंदूच्या खाली थंड झाली आणि आतली वाफ तिच्यावर बसली. आता झाकण उघडून पुसताही येत नाही.

उपाय फुकटचा आहे. बॅटरी आणि कार्ड शक्यतो कोरड्या हवेत, म्हणजे सकाळी लॅबमध्ये किंवा एसी असलेल्या खोलीत बदला. झाकण तिथेच लावा आणि दिवसभर उघडू नका. उघडावंच लागलं तर सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्याजवळ, झटपट. रात्री कॅमेरा त्याच डब्यात ठेवा. म्हणजेच एका बॅटरीवर आणि एका कार्डावर दिवस निघतो का, हा निवडीचा खरा निकष आहे. त्याचं गणित पुढे करू.

मेगापिक्सेलचं मृगजळ

रग्ड कॉम्पॅक्टमध्ये बहुतेक वेळा १/२.३३ इंच नावाचा सेन्सर असतो. नावात इंच असला तरी त्याचा खरा आकार ६.१७ × ४.५५ मि.मी., म्हणजे सुमारे २८ चौरस मि.मी. "एक इंच" सेन्सर १३.२ × ८.८ मि.मी., म्हणजे ११६ चौरस मि.मी. चौपट फरक. झाडीतल्या संध्याकाळच्या उजेडात हाच फरक फोटोतल्या दाण्यांच्या रूपाने दिसतो.

मग लहान सेन्सरवर जास्त मेगापिक्सेल कोंबले तर? इथे प्रकाशाचं विवर्तन आडवं येतं. लेन्समधून एका बिंदूचा प्रकाश सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही, छोटी चकती म्हणून पडतो. तिचा व्यास = २.४४ × तरंगलांबी × एफ-संख्या. हिरव्या प्रकाशासाठी (०.५५ मायक्रोमीटर) एफ/२ ला ही चकती २.७ मायक्रोमीटर, तर पूर्ण झूमवर एफ/४.९ ला ६.६ मायक्रोमीटर. टीजी मालिकेच्या १२ मेगापिक्सेल सेन्सरवर एक पिक्सेल साधारण १.५ मायक्रोमीटरचा आहे. म्हणजे झूमवर एक बिंदू चार पिक्सेल व्यापून बसतो. तिथे १२ च्या जागी २० मेगापिक्सेल केले तर फाइल मोठी होईल, तपशील नाही. "जुना सेन्सर, फक्त १२ मेगापिक्सेल" अशी टीका वाचून बिचकायचं कारण नाही. जाहिरातीतले मेगापिक्सेल वाचताना हे गणित करून बघा.

आपल्या कामाला मेगापिक्सेलपेक्षा किती जवळून फोकस होतं हे जास्त लागतं. टीजी मालिका जीवशास्त्राच्या लोकांमध्ये लोकप्रिय झाली ती याच कारणाने. तिच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये वस्तू लेन्सपासून एक सेंटिमीटरवर असली तरी फोकस होतो. शिवाय वेगवेगळ्या फोकसचे फोटो कॅमेराच एकत्र जोडतो. पण लक्षात ठेवा, ही जोडणी स्थिर वस्तूसाठी आहे. वळवळणाऱ्या बेडूकमाशावर वापरली तर दोन शेपट्या दिसतील.

व्हिडिओ : सुंदर आणि मोजता येणारा, यांत फरक आहे

यूट्यूबवरचे रिव्ह्यू सुंदर व्हिडिओसाठी असतात. आपल्याला मोजायचं असतं. दोन्हीच्या गरजा कधी कधी चक्क उलट्या असतात.

फ्रेमचा वेग. नायक्विस्टचा नियम सांगतो की सेकंदाला २० वेळा होणारी हालचाल ओळखायला किमान ४० फ्रेम हव्यात. प्रत्यक्षात हालचालीचा आकार समजायला एका आवर्तनामागे दहा तरी फ्रेम लागतात, म्हणजे २००. टीजी-६ आणि टीजी-७ फुल एचडीत १२० फ्रेम देतात, पण २४० हव्या असतील तर चित्र १२८० × ७२० होतं आणि ४८० साठी ६४० × ३६०. वेग वाढला की बारकावा कमी होतो. मधमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात. ते मोजायला यातलं काहीच पुरणार नाही, तिथे वेगळा हाय-स्पीड कॅमेराच लागतो. उलट बेडकाच्या गळ्याची पिशवी किती वेळा फुगते एवढंच मोजायचं असेल तर ३० फ्रेमही भरपूर.

उजेड. १२० फ्रेमवर शटर जास्तीत जास्त १/१२० सेकंद उघडं राहू शकतं, ३० फ्रेमवर १/३० सेकंद. म्हणजे वेग चौपट केला की प्रत्येक फ्रेमला मिळणारा उजेड एक चतुर्थांश होतो. लहान सेन्सर, दाट झाडी, ढगाळ आकाश आणि १२० फ्रेम हे चारही एकत्र आले की चित्रात दाण्यांशिवाय काही उरत नाही. यातली एक तरी गोष्ट बदलावी लागेल. बहुतेक वेळा छोटा एलईडी दिवा जवळ ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतं, अर्थात त्या उजेडाने प्राण्याचं वागणं बदलत नसेल तर.

हातातली सूत्रं. टीजी मालिकेत शटरचा वेग आपण ठरवायची सोय नाही. रोजच्या वापरात हे खटकत नाही, पण लॅबमध्ये खटकतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ला बांधता आलं नाही तर चित्रावर पट्टे सरकतात. लॅबमधल्या टाकीचं शूटिंग हेच मुख्य काम असेल तर रग्ड कॅमेऱ्याऐवजी हाताने सगळं ठरवता येणारा साधा कॅमेरा घ्या.

फोनची एक अडचण. बरेच फोन व्हिडिओत फ्रेमचा वेग कायम ठेवत नाहीत. उजेड कमी झाला की वेग आपोआप खाली येतो. बघताना कळत नाही, पण "३० फ्रेम म्हणजे एक सेकंद" असं धरून फ्रेम मोजल्या की वेळ चुकते. घेण्याआधी एक चाचणी करा. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावा, त्याचं अंधुक उजेडात एक मिनिट शूटिंग करा आणि फ्रेम मोजा. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर फ्रेमचा वेग स्थिर आहे की बदलता, हेही सांगतं.

स्थिरीकरण. रिव्ह्यूमध्ये याचं सगळ्यात जास्त कौतुक असतं. पण इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण म्हणजे प्रत्येक फ्रेम थोडी कापून, सरकवून, कधी वाकवून जुळवणं. प्राणी किती सरकला हे पिक्सेलमध्ये मोजायचं असेल तर ते बंद करा आणि कॅमेरा छोट्या ट्रायपॉडवर किंवा दगडांत घट्ट बसवा.

आवाज. जलरोधक कॅमेऱ्याच्या माइकवर पाणी अडवणारा पडदा असतो, त्यामुळे आवाज दबका येतो. टीजीला बाहेरचा माइक जोडायलाही जागा नाही. बेडकांच्या हाकांचं विश्लेषण करायचं असेल तर वेगळा ऑडिओ रेकॉर्डर घ्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. चित्र आणि आवाज जुळवायला ती पुरते.

जागेचं गणित. फोर-के व्हिडिओ सेकंदाला साधारण १०० मेगाबिट घेतो. भागिले आठ, म्हणजे १२.५ मेगाबाइट. तासाला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर ८५ मिनिटं. तेव्हा दिवसाला दोन तास शूट करणार असाल तर १२८ जीबीचं कार्ड सकाळीच घालून निघा, म्हणजे झाकण उघडावं लागणार नाही. कार्डावर व्ही ३० लिहिलेलं बघा, ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहितं. बॅटरीचा मात्र खरा प्रश्न आहे. टीजी-७ ची बॅटरी मानक चाचणीत ३३० फोटोंपर्यंत जाते आणि व्हिडिओ ती झपाट्याने खातो. म्हणून फोर-के सतत न वापरता, प्रश्नाला फुल एचडी पुरत असेल तर तेच वापरा. कार्ड, बॅटरी आणि नंतर लॅपटॉप, तिघांचंही आयुष्य वाढतं.

चार पर्याय, चार स्वभाव

रग्ड कॉम्पॅक्ट, म्हणजे टीजी-६, टीजी-७ सारखे. वजन पाव किलो, १५ मीटर पाणी, २.१ मीटरवरून पडणं आणि उणे १० अंश थंडी सोसण्याचा कंपनीचा दावा. झूम २५ ते १०० मि.मी. समतुल्य. फोटो रॉ स्वरूपात मिळतो. जीपीएस, तापमान आणि दाबाची नोंदही होते. लहान, जवळच्या, ओल्या गोष्टींसाठी याला तोड नाही. दूरच्या आणि अंधारातल्या गोष्टींसाठी हा नाही.

ॲक्शन कॅमेरा, म्हणजे गोप्रो आणि त्याच्यासारखे. गोप्रोचे अलीकडचे हीरो कॅमेरे केसशिवाय दहा मीटरपर्यंत चालतात. व्हिडिओ उत्तम, कुठेही चिकटवता येतो. पण फोकस ठरलेला असतो, अगदी जवळची वस्तू धूसर दिसते आणि रुंद लेन्समुळे कडा वाकतात. पुलाखाली, झऱ्याच्या तळाशी ठेवून निघून जायला चांगला. मॉडेलनुसार सोयी बदलतात, हे विसरू नका. २०२३ च्या हीरो १२ मध्ये जीपीएस नव्हतं, २०२४ च्या हीरो १३ मध्ये ते परत आलं. सोनीचा २०१९ चा आरएक्स० दोन हा याच आकाराचा, पण एक इंच सेन्सरचा. चित्राचा दर्जा वरचा, मात्र तोही २० सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही.

फोन. तुमच्याकडे आहेच. कोरड्या हवेत तो उत्तम कॅमेरा आहे. पण ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. शिवाय त्याच फोनवर बँकेचे ओटीपी येतात, नकाशा असतो आणि घाटात पाय मुरगळला तर मदत मागायची असते. डेटा गोळा करायचं आणि जीव वाचवायचं साधन एकच असू नये.

मोठा कॅमेरा आणि पावसाळी कव्हर. दूरच्या प्राण्यांसाठी हाच. जड आहे, आणि पाऊस वाढला की तो बॅगेत जातो. मग जे घडतं त्याची नोंद होत नाही.

आता हे प्रत्यक्षात लावून बघू

उदाहरण पहिलं. आंबोलीचा पट्टेरी टोड, झँथोफ्रिन टायग्रिना. २००९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. प्रश्न असा, की डबकं आटण्याआधी अंड्यांचा विकास किती होतो? गोष्ट लहान, स्थिर, ओली आणि अगदी जवळ. उत्तर सरळ आहे : मायक्रोस्कोप मोड असलेला रग्ड कॉम्पॅक्ट आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी.

उदाहरण दुसरं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा सरडा, सारडा सुपर्बा. २०१६ मध्ये या प्रजातीला मिळालेलं 'सारडा' हे नावच आपल्या मराठी 'सरडा' शब्दावरून आलं आहे. नर गळ्याची निळी-काळी-नारिंगी झालर उघडून प्रदर्शन करतो, तेही पावसाआधीच्या उन्हात. उजेड भरपूर, पाणी नाही, पण जवळ गेलं की तो पळतो. इथे १०० मि.मी. झूमचा रग्ड कॅमेरा घेणं म्हणजे पैसे वाया. लांब झूमचा साधा कॅमेरा आणि ट्रायपॉड हवा.

उदाहरण तिसरं. आंबोलीच्याच हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडातला मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी. वर्णन २०२० चं, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. अशा झऱ्यात मासा माणसाच्या सावलीनेही लपतो. तळाशी स्थिर ठेवून बाजूला होता येईल असा ॲक्शन कॅमेरा बरा. मात्र मासा काही सेंटिमीटरचाच, त्यामुळे ओळख पटवणारे बारकावे त्यातून येणार नाहीत. त्यासाठी रग्ड कॉम्पॅक्टची जोड लागेल. आणि अशा ठिकाणी परवानगीशिवाय कॅमेराच काय, हातही पाण्यात घालायचा नाही.

तीन उदाहरणं, तीन वेगळी उत्तरं. एकाच जिल्ह्यात, एकाच हंगामात काम असूनसुद्धा टोडचा कॅमेरा माशाला पुरत नाही. म्हणून सीनिअरने जो घेतला तोच आपणही घ्यायचा, हा नियम चालत नाही.

रोज जवळ बाळगण्याचं महत्त्व

एवढं सगळं झाल्यावर एक साधी गोष्ट. कॅमेरा बॅगेच्या तळाशी असेल तर त्याचे सगळे गुण निरुपयोगी आहेत. पाव किलोचा कॅमेरा कमरेच्या पाउचमध्ये किंवा खांद्याच्या पट्ट्याला अडकवलेला असावा. मनगटाची दोरी तरंगणारी आणि भगव्या किंवा पिवळ्या रंगाची घ्या, ओढ्यात पडला तर दिसेल.

रोज जवळ असला की त्याचा उपयोग प्राण्यांपलीकडे वाढतो. भिजायच्या आधी वहीच्या पानाचा फोटो. नमुन्याच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो. पीएच मीटरच्या आकड्याचा फोटो. प्लॉटच्या चारही दिशांचे फोटो. दोन वर्षांनी रिव्ह्यूअर विचारतो, "मोजणी करताना झाडोरा किती होता?" तेव्हा उत्तर तिथे सापडतं. दिवसाचा पहिला फोटो फोनवरच्या घड्याळाचा काढा, म्हणजे कॅमेऱ्याची वेळ किती पुढे-मागे आहे ते कळतं. आणि मोजायच्या प्रत्येक गोष्टीशेजारी, त्याच पातळीत, पट्टी ठेवा. पट्टीवरचा एक सेंटिमीटर १००० पिक्सेल भरला, तर एक पिक्सेल म्हणजे १० मायक्रोमीटर. पुढची मोजणी इमेज-जे मध्ये मोफत होते. पट्टी नसेल तर तो फोटो फक्त सुंदर आहे.

रग्ड कॅमेऱ्याचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही : तो धुता येतो. उभयचरांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या साधनांवरून एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. बूट आणि जाळीसारखाच कॅमेराही दोन जागांच्या मध्ये धुवून कोरडा करायला हवा. जंतुनाशक वापरणार असाल तर ते रबरी पट्टीला चालतं का, हे आधी बघा.

विकत घेण्याआधी आणि नंतर

गाइडशी बोला. लॅबच्या प्रोजेक्टमधून उपकरण म्हणून खरेदी होत असेल तर ती संस्थेच्या नियमांप्रमाणे होते, तिला वेळ लागतो. जूनमध्ये हवा असेल तर फेब्रुवारीत अर्ज करा. शेजारच्या लॅबमध्ये कॅमेरा असेल तर दोन दिवस मागून घ्या आणि आपल्याच प्रश्नावर चाचणी करा. बादलीतलं पाणी, कुंडीतला गांडूळ आणि संध्याकाळचा उजेड एवढ्यावर निम्म्या शंका फिटतात. वॉरंटीत पाण्यामुळे झालेलं नुकसान येतं का, हे विचारा. बहुतेकदा येत नाही.

रोज रात्री डेटा दोन ठिकाणी उतरवा आणि तिसरी प्रत घरी किंवा क्लाउडवर. दोन्ही उतरल्याची खात्री झाल्याशिवाय कार्ड पुसू नका. कॅमेरा पुन्हा घेता येतो. २५ जूनच्या रात्रीचा पाऊस परत येत नाही.

आणि शेवटचं. फोटोत जीपीएसची नोंद असेल तर दुर्मीळ प्रजातीचा फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी ती काढून टाका. बेडूक, सरडे, ऑर्किड यांचे चोर तुमची पोस्ट तुमच्याइतक्याच आवडीने वाचतात. वन विभागाची लेखी परवानगी फिल्डवर जाताना बॅगेत ठेवाच. कॅमेरा पाण्यात टिकतो, परवानगीचा कागद टिकत नाही. त्याला प्लास्टिकचं पाकीट घाला.

तुमच्या चार ओळी लिहून झाल्या असतील तर खाली कमेंटमध्ये टाका. कोणता प्राणी, किती लहान, किती जलद, किती ओला. मॉडेलचं नाव शेवटी काढू.